साडेसातला घरी, आठला पानं: न खाणाऱ्या मुलांसाठी रात्रीचं जेवण

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी पोचायला साडेसात होतात, चार आणि सात वर्षांची मुलं बटाट्याची भाजी-पोळी आणि नूडल्स सोडून कशालाच हात लावत नाहीत, तर अर्ध्या तासात पौष्टिक काय करू, असं तुम्ही विचारलंय. माझी मुलं आता अकरा आणि चौदा वर्षांची आहेत. ती लहान असताना मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने कोपरखैरण्याला यायचे आणि कुकर लावेपर्यंत पावणेआठ व्हायचे. त्यामुळे तुमची संध्याकाळ मला चांगली ठाऊक आहे.

पदार्थांच्या आधी एक विचारते. सहा ते साडेसातच्या मध्ये मुलं काय खातात? आमच्याकडे सासूबाई सहाला दूध-बिस्किटं द्यायच्या, सातला परत काहीतरी तोंडात टाकायला. पोरं उपाशी राहू नयेत एवढाच त्यांचा जीव. पण आठ वाजता पोटात भूकच नसायची, आणि मी मात्र भाजीला दोष देत बसायचे. मग दोघींनी मिळून ठरवलं: साडेपाचला नीट खाणं, म्हणजे घावन, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचा लाडू, केळं यातलं काहीतरी. त्यानंतर जेवणापर्यंत फक्त पाणी. पंधरा दिवसांत पानावरचा निम्मा वाद मिटला. घरी आजी असोत की सांभाळणाऱ्या ताई, आधी त्यांच्याशी बोला.

आता पदार्थ. एकच निवडायचा तर मी वरणफळं सांगेन, काही घरांत चकोल्या म्हणतात. तुमच्या मुलांना नूडल्स आवडतात ना? गरम, पातळ रसात मऊ कणकेचं काहीतरी, हीच तर गोष्ट आहे. सकाळी पोळ्यांची कणीक मळताना दोन गोळे जास्तीचे काढून फ्रिजमध्ये ठेवा. आल्या आल्या वाटीभर तूरडाळ, हळद, हिंग आणि लाल भोपळ्याच्या चार-पाच फोडी एकत्र कुकरला लावा. डाळ घोटली की भोपळा त्यात पूर्ण विरघळतो, रंगही वरणाचाच राहतो. फोडणी, गोडा मसाला, दोन आमसुलं, गुळाचा खडा. आमटी नेहमीपेक्षा बरीच पातळ ठेवा, कारण फळं शिजताना ती आळते. पोळी पातळ लाटायची, कातण्याने शंकरपाळ्यासारखी कापायची आणि आमटीला खळखळून उकळी आली की एकेक करून सोडायची. एकदम टाकली तर गोळा होतो. आठ-दहा मिनिटांत शिजतात. वर तूप.

आणि कातणं मुलाच्या हातात द्या. माझी धाकटी साडेतीन वर्षांची असताना ओट्याशेजारी स्टुलावर उभी राहून वेड्यावाकड्या पट्ट्या कापायची. जेवताना वाटीतून आपण कापलेली शोधून काढायची, दादालाही द्यायची नाही. त्या नादात डाळ, भोपळा सगळं पोटात जायचं.

दुसरा हुकमी पदार्थ मुगाची धिरडी. डाळ सकाळी भिजवून जा, पण उन्हाळ्यात पातेलं फ्रिजमध्ये ठेवा, आपल्या दमट हवेत दिवसभर बाहेर राहिली तर वास येतो. आलं, जिरं आणि मूठभर पालक घालून वाटा. बिडाचा तवा असेल तर त्यावरच घाला, थोडं लोहही मिळतं. सोबत लिंबाची फोड द्याच, आंबटामुळे पालकातलं आणि डाळीतलं लोह अंगी लागतं. बाकी मुगाची खिचडी, भाजणीचं थालीपीठ, अंडाभुर्जी-पोळी हे तुम्हाला येतच असेल. नूडल्सही बंद करू नका. शनिवारी करा, मटार-गाजर आणि अंडं घालून, मसाल्याची पुडी अर्धीच.

भाजी लपवून घालणं चुकीचं नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. भोपळा वरणात विरघळला तरी त्याची एक साधी फोड पानात दिसू दे. नवी चव आपलीशी वाटायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्यांदाच हात टेकतो. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची वाटणी मला फार पटते: काय, कधी आणि कुठे हे आईबापांनी ठरवायचं; खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. मी थोरल्याला एकदा बळजबरीने दुधी भरवला होता. त्याने तिथेच ओकारी काढली आणि पुढची दोन वर्षं दुधीचा वास आला तरी स्वयंपाकघरात येईना. ते अजून मनाला लागतं.

म्हणून वेगळा स्वयंपाक करायचा नाही, पण पानात एक ओळखीची गोष्ट हवीच: दहीभात, पोळी, काकडी, काहीही. बाकीचं नको म्हणाला तर तेवढं खाऊन उठू दे. 'एक घास आईचा' नको, टीव्ही नको, आणि 'भाजी संपवलीस तर चॉकलेट' तर मुळीच नको, त्याने भाजी म्हणजे शिक्षा असंच मनात बसतं.

वजन वाढत नसेल, चावताना-गिळताना त्रास होत असेल किंवा आधी खात असलेले पदार्थही एकेक करून सुटत असतील, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

उद्या भोपळा आणा, परवा वरणफळं करा. सात वर्षांचा पोळी लाटूही शकेल, त्याला छोटं लाटणं द्या.