‘ओस्सीआ’ला ‘पाठभेद’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : रशियन संगीतकार राखमानिनॉफच्या तिसऱ्या पियानो कॉन्चेर्टोवरच्या (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेवरच्या) टिपणाचा मराठी अनुवाद करताना ‘ओस्सीआ’ हा शब्द आला, म्हणजे स्वरलिपीत एखाद्या जागेसाठी दिलेलं दुसरं रूप. त्यासाठी ‘पाठभेद’ चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. पाठभेद होतो तो नकलाकाराच्या हातून, नाहीतर गळ्यातून गळ्यात जाताना. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पानाच्या तळाशी दाटीवाटीने दिसतात ते पाठभेद. एकाच बंदिशीचे शब्द दोन घराण्यांत वेगळे निघतात तोही पाठभेदच. त्यात ‘खरं कोणतं?’ हा प्रश्न असतो. ओस्सीआत तो नसतोच, कारण दोन्ही रूपं बहुधा रचनाकाराने स्वतःच लिहून दिलेली असतात. यातलं कोणतंही वाजवा, माझी हरकत नाही, असा तो मामला.

शब्द इटालियन, मूळ ‘ओ सीआ’, म्हणजे ‘किंवा असं असो’. स्वरलिपीत मुख्य ओळीच्या वर बहुधा बारीक छपाईत दुसरी ओळ देतात आणि तिच्यापाशी हा शब्द लिहितात. पुष्कळदा ती सोपी वाट असते. हात लहान असेल तर हे वाजवा.

राखमानिनॉफने मात्र उलटंच केलंय. 1909च्या या रचनेत पहिल्या भागात वाद्यवृंद थांबतो आणि पियानो एकटा उरतो, ती कॅडेन्झा दोन रूपांत आहे. एक चपळ, हलक्या पावलांची. दुसरी, ओस्सीआ म्हणून दिलेली, भरगच्च स्वरसंघांची आणि दमछाक करणारी. पुढे दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात आणि बासरी मूळ सुरावट उचलते. राखमानिनॉफने स्वतःच्या ध्वनिमुद्रणात हलकी वाजवली. अमेरिकन पियानोवादक व्हॅन क्लायबर्नने 1958मध्ये मॉस्कोच्या स्पर्धेत जड. म्हणून ‘पर्यायी’ हा शब्दही मला खटकतो. रस्ता खोदला की ‘पर्यायी मार्ग’ अशी पाटी लागते, तशी काहीतरी तडजोड त्यातून डोकावते.

आता गंमत. आजच्या इटालियनमध्ये ‘ओस्सीआ’ म्हणजे मुख्यतः ‘म्हणजेच’. मोझार्टच्या 1787च्या ऑपेराचं पूर्ण नाव ‘इल दिस्सोलुतो पुनितो, ओस्सीआ इल दोन जोव्हान्नी’. इथे निवड कसलीच नाही, एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. असा दुहेरी शब्द मराठीत कुठून आणायचा? घरातच आहे की! टिळकांच्या ग्रंथाचं नाव आठवा : ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’. तिथला ‘अथवा’ ‘म्हणजेच’च्या अंगाने जातो, आणि ‘चहा अथवा कॉफी’ म्हटलं की तोच निवड पुढे ठेवतो. अगदी ओस्सीआसारखा.

संस्कृत टीकाकारांचा ‘यद्वा’ याहून नेमका आहे. एक अर्थ सांगून झाला की टीकाकार ‘यद्वा’ म्हणून दुसरा मांडतो आणि पहिला मोडीत काढत नाही. मला तो फार आवडतो. पण मैफिलीच्या पत्रकात ‘यद्वा’ वाचून श्रोते शेजाऱ्याकडे बघतील.

तेव्हा संज्ञा म्हणून ‘ओस्सीआ’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे फोड करा आणि पुढे वाक्य साधं असू द्या : ‘ही कॅडेन्झा राखमानिनॉफने दोन रूपांत लिहिली आहे, आज वादक “अथवा” म्हणून दिलेलं, अधिक जड रूप वाजवतील.’ आणि ‘ओसिया’ असं लिहू नका. ‘स’ दुहेरी आहे आणि उच्चारात जोर ‘सी’वर पडतो.