हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवरच्या (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) इनव्हर्टेड व्ही अँटेनाचा एसडब्ल्यूआर ३ दाखवतोय. ट्यूनर घेऊ का?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: नवं लायसन्स, पुण्यात पाच मजली सोसायटी, गच्चीवर १.५ स्क्वेअर मिमी वायरची इनव्हर्टेड व्ही (मधोमध उंच, दोन्ही हात खाली उतरणारी अँटेना), दोन्ही हात मिळून २०.८ मीटर, कोॲक्स केबल आरजी-५८, बॅलन (केबलच्या जाळीवरून बाहेर वाहणारा करंट अडवणारा भाग) नाही. ७.१०० मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (अँटेना आणि रेडिओ किती जुळतात याचं माप, १ म्हणजे उत्तम) ३, शिवाय बँडवर एस-९ आवाज, म्हणजे मीटरवर बराच मोठा खरखराट. तुम्हाला सगळे ट्यूनर घ्या म्हणताहेत.

ट्यूनर तूर्त नको. रिगजवळचा (रिग म्हणजे रेडिओ सेट) ट्यूनर जुळवणी करून रिगला खूश ठेवतो, वर गच्चीत काय बिघडलंय ते तसंच राहतं. आधी डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सर्वात कमी असलेली फ्रिक्वेन्सी, कुठे आहे ते पाहा. नॅनो-व्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेट करा, स्पॅन ६.५ ते ७.५ मेगाहर्ट्झ ठेवा आणि एसडब्ल्यूआरचा आलेख बघा. एकट्या ७.१०० वरच्या आकड्यावरून अँटेना लांब आहे की आखूड, हे कळतच नाही.

२०.८ मीटरला डिप बहुधा ६.८५ च्या आसपास सापडेल, म्हणजे अँटेना लांब आहे. लांबी गुणिले फ्रिक्वेन्सी हा गुणाकार जवळपास कायम राहतो: २०.८ × ६.८५ = १४२.५. त्याला ७.१ ने भागलं की २०.०७ मीटर. म्हणजे एकूण ७३ सेंमी जास्त, प्रत्येक हाताला साधारण ३६. पण म्हणून ३६ सेंमी लगेच छाटू नका. दोन्ही टोकांना २५-२५ सेंमी वायर मागे दुमडा, मूळ वायरीला घट्ट पिळा, टाय लावा आणि पुन्हा मोजा. दोन्हीकडून १०-१० सेंमी कमी केले की डिप साधारण ७० किलोहर्ट्झ वर सरकते. उरलेलं त्या हिशेबाने करा. दुमडलेली वायर सैल लोंबत राहिली तर हिशेब चुकतो, ती अंगालगतच हवी. डिप ७.१०० च्या आसपास बसली की थांबा. आपला बँड ७.००० ते ७.२०० एवढाच, त्यामुळे मधोमध बसवलेली डिप दोन्ही टोकांना पुरते. तळाला १.४ मिळाला तरी उत्तम, १.१ च्या मागे लागून वायर कापत बसणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय.

आलेखात डिप दिसलीच नाही तर लांबीशी खेळू नका, जोड तपासा. केबल रिगपासून सोडवून मल्टिमीटर लावा: मधली तार आणि जाळी यांत काहीच कंटिन्युइटी नको. (काही तयार बॅलन डीसीला शॉर्ट दाखवतात, तो दोष नव्हे.) मग फीड पॉइंटला (केबल अँटेनाला जोडली जाते तिथे) दोन्ही हात क्लिपने जोडून पुन्हा मोजा, आता शून्याजवळ यायला हवं. नाही आलं तर नव्वद टक्के पीएल-२५९ कनेक्टरमध्ये कोल्ड सोल्डर आहे. जाळीचा जोड नीट तापलेला नसतो, बाहेरून मात्र चकचकीत दिसतो.

बॅलन नाही हे मला एसडब्ल्यूआरइतकंच खटकतंय. केबल मुठीत धरल्यावर आलेख हलला तर केबलची जाळीही अँटेनाचं काम करतेय, आणि घरातला सगळा विजेचा कचरा त्याच वाटेने रिसीव्हरमध्ये येतो. एफटी-२४०-३१ या फेराइट रिंगवर आरजी-५८ चे १२ वेढे घ्या, सव्वा-दीड मीटर केबल लागेल. हा चोक बॅलनचंच काम करतो, तो थेट फीड पॉइंटला बांधा. तो रिगजवळ लावला तर वरची सगळी केबल मोकळीच राहते.

आवाजासाठी एक सोपी चाचणी. रिग १२ व्होल्ट बॅटरीवर घ्या, फक्त ऐकायचं असल्याने ७ एएचची चालेल, आणि घराची मेन एमसीबी पाडा. आवाज झपकन उतरला तर चोर घरातच आहे: एलईडी ड्रायव्हर, मोबाइल चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अॅडॉप्टर. एकेक स्विच चालू करत शोधा. उतरला नाही तर लिफ्टचा ड्राइव्ह किंवा गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर बघा. लिफ्टचा आवाज लिफ्ट हलतानाच येतो, त्यावरून ओळखता येतो.

मांडणीबद्दल थोडं. लिफ्ट रूमवर ६ मीटरचा पाइप उभा केला की शेंडा स्लॅबपासून साधारण ८ मीटरवर जातो. शेंड्याला १२० अंश कोन ठेवला तर हात ५ मीटर खाली उतरतात, टोकं ३ मीटरवर राहतात आणि आडवी जागा साडेसतरा मीटर लागते. १२ बाय १५ ची गच्ची असेल तर कर्णात ती मावते. कोन ९० च्या खाली नेऊ नका. टोकांना ट्रान्समिट करताना सर्वात जास्त व्होल्टेज असतं, ५० वॉटलाही चटका बसतो. कपडे वाळत घालणाऱ्यांच्या हाताला टोक लागता कामा नये. टोकाला अंडाकृती इन्सुलेटर किंवा १० सेंमी पीव्हीसी पाइपचा तुकडा, पुढे नायलॉन दोरी. जवळून विजेची लाइन जात असेल तर दुसरी दिशा शोधा, मग थोडी तडजोड झाली तरी चालेल.

स्लॅबपासून एवढ्या कमी उंचीवरची अँटेना बरीचशी वरच्या दिशेने फेकू शकते. परदेशाच्या हव्यासाला हे वाईट, पण दिवसा कोल्हापूर किंवा नागपूर गाठायला हेच सोयीचं.

फीड पॉइंटचा जोड सेल्फ-अमाल्गमेटिंग टेपने गुंडाळा, वरून पीव्हीसी टेप, आणि केबलला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथून ठिबकेल. जाळीत पाणी शिरलं की ती काळी पडते आणि लॉस (केबलमध्ये वाया जाणारी ताकद) वाढतो. गंमत म्हणजे लॉस वाढला की खाली एसडब्ल्यूआर उलट सुधारलेला दिसतो. पावसाळ्यानंतर आकडा आपोआप छान झाला तर आनंद मानू नका, केबल कापून जाळीचा रंग बघा. आणि वळवाचे ढग जमले की केबल रिगपासून काढून घराबाहेर ठेवायची.