गोठलेल्या राजवायूत अडकलेला युरेनियमचा रेणू

प्रश्न : राजवायू सहसा कशाशीही संयोग करत नाहीत, असे आम्ही शिकलो. मग धातूंचे अल्पजीवी रेणू गोठलेल्या निऑनमध्ये किंवा अर्गॉनमध्ये अडकवून अवरक्त किरणांनी तपासतात, तेव्हा वर्णपटात दिसते ते केवळ त्या रेणूचे असते, की भोवतालच्या वायूचाही त्यात वाटा असतो? (बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : वाटा असतो. बहुतेक वेळा तो नगण्य ठरतो, पण कार्बन, युरेनियम आणि ऑक्सिजन यांचा एकेक अणू असलेल्या सीयूओ या रेणूने तो किती मोठा असू शकतो हे दाखवून दिले.

ही पद्धत बर्कलीच्या जॉर्ज पिमेंटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये मांडली. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात लेस्टर अँड्र्यूज यांनी लेसरच्या साहाय्याने ती धातूंच्या असंख्य रेणूंसाठी वापरली. निर्वात पात्रात सीझियम आयोडाइडची खिडकी सुमारे 4 केल्विनपर्यंत थंड केलेली असते. काच या भागातले अवरक्त किरण अडवते, म्हणून ती येथे चालत नाही. समोर फिरत असलेल्या युरेनियमच्या तुकड्यावर लेसरचा झोत पडला की अणू उडतात, आणि त्याच वेळी किंचित कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला निऑन खिडकीवर सोडला जातो. तेथे घट्ट थर साचतो आणि त्यात नवे रेणू एकमेकांपासून दूर, एकेकटे अडकून राहतात.

वर्णपटातला पट्टा कोणाचा, हे समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंवरून ठरते. साधा कार्बन काढून कार्बन-13 घातला, तर युरेनियम-कार्बन बंधाच्या कंपनाची तरंगसंख्या (एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांची संख्या) गणिताप्रमाणे सुमारे 3.7 टक्क्यांनी उतरायला हवी, तर ऑक्सिजन-18 मुळे युरेनियम-ऑक्सिजनचे कंपन 5 टक्क्यांहून थोडे अधिक उतरायला हवे. कोणता पट्टा कशामुळे आणि किती सरकतो, हे पाहूनच रेणूत कोणते अणू आहेत याची खात्री पटते. मला या पद्धतीतला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

सीयूओचे दोन पट्टे निऑनमध्ये 1047 आणि 872 प्रति सेंटीमीटर येथे दिसले, पण अर्गॉनमध्ये तेच 853 आणि 804 येथे आले. वायू बदलल्याने एरवी पडणारा फरक फार तर दहा-वीस एककांचा असतो. येथे वरचा पट्टा जवळजवळ 195 एककांनी घसरला होता. अँड्र्यूज, बिन्योंग लियांग, जुन ली आणि ब्रूस बर्स्टन यांनी 2002 मध्ये याचा उलगडा मांडला. निऑनमध्ये या रेणूतील सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असतात. दोन इलेक्ट्रॉन विलग असलेली दुसरी अवस्था ऊर्जेने फारशी दूर नसते, आणि अर्गॉनचे अणू थेट युरेनियमला बिलगल्यामुळे तीच अधिक स्थिर ठरते; अवस्था बदलली, म्हणून पट्टेही बदलले. अर्गॉनमध्ये झेनॉन हा आणखी एक राजवायू थोडा मिसळल्यावर पट्टे टप्प्याटप्प्याने सरकत गेले, कारण युरेनियमभोवतीच्या अर्गॉन अणूंची जागा झेनॉनचे अणू एकेक करून घेत होते. केवळ भोवतालच्या माध्यमाचा सरसकट परिणाम असता, तर असे सुटे टप्पे दिसले नसते.

युरेनियम आणि राजवायूचे अणू यांच्यातले हे बंध दुबळेच असतात, त्यामुळे आपण शिकलात ते सहसा खरेच आहे. मात्र मोकळ्या रेणूच्या जवळात जवळचे मोजमाप हवे असेल, तर अभ्यासक अर्गॉनऐवजी निऑनच निवडतात.