एव्हरनोटमधल्या जुन्या नोट्स ऑब्सिडियनमध्ये नेता येतात का?

येतात की, आरामात, दोन्ही नोट्स ठेवायचीच अ‍ॅप्स आहेत. फक्त मोबाईलवरून नाही जमणार, लॅपटॉपवर एव्हरनोटचं अ‍ॅप टाका आणि एकेक नोटबुक वेगळं एक्स्पोर्ट करा, ईनेक्स (.enex) या एव्हरनोटच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये, सगळ्या नोट्स एकदम सिलेक्ट करून काढू नका कारण त्या फाइलमध्ये टॅग येतात पण नोटबुकचं नाव येत नाही, मग रेसिप्या आणि ऑफिसच्या मीटिंगा सगळी खिचडी. मग ऑब्सिडियनवाल्यांचंच इंपोर्टर प्लगइन आहे, त्याला त्या फाइली द्या, मार्कडाऊन, म्हणजे ऑब्सिडियन वापरतं त्या साध्या टेक्स्ट फाइली, होऊन येतात, फोटोंसकट. वेब क्लिपरने (ब्राउझरमधून वेबपेज एव्हरनोटमध्ये साठवायचं टूल) उचललेली पानं मात्र जरा विस्कटतात, त्यांच्या मागे लागू नका, निम्मी तर आपण परत उघडतच नाही. फुकट अकाउंटला २०२३च्या डिसेंबरपासून ५० नोट्सची लिमिट आहे खरी, पण आधीच्या नोट्स एक्स्पोर्ट करता येतात त्यामुळे निवांत करा.