वेलनेस वीकला जाऊ की लेक्चरला?

प्रश्न: पुढच्या महिन्यात आमच्या युनिव्हर्सिटीत लेक्चर्स, पॅनेल डिस्कशन, वेलनेस वीक सगळं एकदमच आलंय. अभ्यास सांभाळून कशाकशाला जाऊ? आणि एका तासाच्या माइंडफुलनेस सेशनने टेन्शन खरंच कमी होतं का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: सगळीकडे नाव नोंदवू नकोस गं, तसं करणारे शेवटी कुठेच जात नाहीत. लेक्चर निवडताना वक्ता त्या विषयावर स्वतः काम करतोय का ते बघ. पॅनेलमध्ये सगळे एकाच मताचे दिसले तर खुशाल सोड, नाहीतर प्रश्नोत्तरांपर्यंत थांब, खरी मजा तिथेच येते (फक्त प्रश्न विचार, भाषण नको!). माइंडफुलनेसचं (म्हणजे मन आत्ताच्या क्षणावर ठेवण्याच्या सरावाचं) म्हणशील तर अमेरिकेतले प्राध्यापक जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलमध्ये याचा जो प्रोग्रॅम सुरू केला तो आज साधारण ८ आठवडे चालतो आणि घरी रोज सरावही करावा लागतो, मग एका तासात फक्त तोंडओळखच होणार ना, तेवढ्यासाठी जायला हरकत नाही. पण झोप लागत नाही, जेवण जात नाही असं दोनेक आठवडे चाललं असेल तर वेलनेस वीकची वाट कशाला बघतेस, सरळ कॅम्पसवरच्या काउन्सेलरची अपॉइंटमेंट घे.