मुलांना सिम्युलेशन (संगणकावरचा आभासी प्रयोग) देऊन मोकळं सोडावं, की एकेक पायरी सांगावी?

दोन्ही टोकं टाळा. नवखं मूल एकटं सोडलं तर नुसते स्लायडर सरकवत बसतं. प्रत्येक क्लिक सांगितली तर विचारच करत नाही. त्याला एक नेमका प्रश्न द्या. 'फेट'चं (भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला अशा सिम्युलेशनचा मोफत संच, मराठीतही आहे) विद्युत परिपथाचं सिम्युलेशन घ्या. एका बल्बच्या जागी तसेच दोन एकसर (एकापुढे एक) जोडले, तर प्रत्येकाचा उजेड वाढेल की घटेल? आधी अंदाज कारणासह वहीत लिहायला लावा, मगच जोडू द्या. अंदाज चुकला की 'असं का?' हे मूल स्वतःच विचारतं. समजावून सांगायची खरी वेळ ती, त्याआधी नाही. नंतर खरे सेल, वायर, बल्ब हातात द्याच. सैल जोडणी शोधायची सवय तिथेच लागते.