कॉल टाइम सकाळी सातचा : अभिनयाच्या वाटेवरचे सांगली-साताऱ्याचे प्रश्न

या खेपेच्या टपालात मालिका-चित्रपटांतल्या अभिनेत्रींच्या कामाबद्दलची पत्रं जास्त आहेत. काही आयांची, काही मुलींची, एक आजोबांचंही. एकसारखी पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

सई ताम्हणकर आमच्या सांगलीच्या. एका मालिकेत दिसल्या आणि स्टार झाल्या, असं माझी मुलगी म्हणते. इतकं पटकन होतं का? — एक आई, विश्रामबाग, सांगली

नाही होत. सईंच्या कामांची यादी वर्षांसकट मुलीसमोर ठेवा. सुरुवात ‘या गोजिरवाण्या घरात’ या मालिकेतून. २००८ मध्ये मराठीत ‘सनई चौघडे’ आणि त्याच वर्षी हिंदीत ‘गजनी’, पण तिथे भूमिका लहान. २०१३ मध्ये ‘दुनियादारी’तली शिरीन घरोघरी पोचली. ‘मिमी’तली शमा आली २०२१ मध्ये आणि तिच्यासाठी सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. ‘सनई चौघडे’पासून मोजलं तरी मध्ये तेरा वर्षं जातात.

यादीत आणखी एक गोष्ट दिसते. शमा ही नायिकेची मैत्रीण, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं पात्र. ‘नायिका नसेल तर नको’ अशी अट धरली असती तर तो पुरस्कार आला नसता. दोन चित्रपटांच्या मधल्या काळात विनोदी कार्यक्रमातली परीक्षकाची खुर्चीही त्यांनी कमी लेखली नाही. त्यामुळे चेहरा लोकांच्या घरात राहिला. मुलीला जी अभिनेत्री आवडते तिची अशीच यादी तिलाच करू द्या. मधली रिकामी वर्षं कुणी सांगावी लागत नाहीत, ती कागदावर आपोआप दिसतात.

पुण्यातल्या एका एजन्सीने ऐंशी हजारांचा पोर्टफोलिओ आणि ‘आर्टिस्ट कार्ड’ घेतलं तर मालिकेत रोल नक्की, असं सांगितलंय. भरावेत का? — वाचक, तासगाव

भरू नका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. ऑडिशनला फी नसते, लूक टेस्टला नसते, ‘नाव नोंदवायला’ही नसते. आधी निर्मिती संस्थेचं नाव विचारा आणि त्या संस्थेच्या कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करा. एजन्सीने दिलेल्या नंबरवर फोन करून उपयोग नाही, तो त्यांचाच माणूस उचलतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम खात्यातच थांबवता येण्याची शक्यता असते.

फोटो लागतात, पण पाच-सहाच. चेहऱ्याचा क्लोजअप, कमरेपर्यंतचा, पूर्ण उभा आणि डाव्या-उजव्या बाजूचे. एक साडीत, एक साध्या कुर्त्यात किंवा जीन्समध्ये. मेकअप नावापुरता. लग्नाच्या अल्बमसारखे गुळगुळीत केलेले फोटो कास्टिंगवाले बाजूला टाकतात, कारण त्यांना सेटवर येणारा चेहरा बघायचा असतो. हे काम गावातला चांगला छायाचित्रकार सकाळच्या उजेडात दोन तासांत करून देतो.

ऑडिशनसाठी सेल्फ टेप, म्हणजे मोबाइलवर स्वतः काढलेला व्हिडिओ, मागवतात. आठ-दहा पाठवल्या, एकाचंही उत्तर नाही. काय चुकत असेल? — वय २१, कऱ्हाड

अभिनय बघायच्या आधीच टेप बाद होण्याची कारणं बहुतेक वेळा तांत्रिक असतात आणि त्यात पहिला नंबर आवाजाचा. घरात पंखा चालू, स्वयंपाकघरात कुकर, बाहेर भोंगा. पंखा आणि फ्रिज बंद कर, खिडकी लाव, पलंगावर आणि खुर्च्यांवर गोधड्या टाक म्हणजे आवाज घुमत नाही. मोबाइल चार ते सहा फुटांच्या आत ठेव. त्याहून लांब गेलीस की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक मिळाला तर उत्तमच.

उजेड समोरून हवा. खिडकीकडे तोंड करून उभी राहा. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा पडतो. भिंत साधी, एका रंगाची. मागे कॅलेंडर, कपाट, देवघर नको. मोबाइल स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला, आडवा. उभा व्हिडिओ मागितला असेल तरच उभा. ब्यूटी फिल्टर बंद. बारीक चौकडी किंवा बारीक रेघांचा कपडा पडद्यावर थरथरतो, तो टाळ. पांढरा शुभ्रही नको.

आधी ओळख : नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत. मग समोरून, डावीकडून, उजवीकडून चेहरा आणि दोन्ही हात. हे सगळं चाळीस सेकंदांत. ‘मला लहानपणापासूनच अभिनयाची आवड’ हे वाक्य काढून टाक, ते प्रत्येक टेपमध्ये असतं. प्रसंगाची वेगळी क्लिप कर. समोरच्याचे संवाद वाचणारी व्यक्ती लेन्सच्या अगदी शेजारी उभी राहावी आणि तिने हळू, सपाट वाचावं. नजर लेन्सच्या जराशी बाजूला, तिच्यावर. लेन्समध्ये थेट बघायचं ते फक्त ओळखीत. समोरची व्यक्ती बोलत असताना तू काय करतेस, यावर खरा निकाल असतो. बहुतेक मुली स्वतःच्या वाक्याची वाट बघत नुसत्या थांबतात.

दोनच टेक पाठव आणि दोन्ही वेगळे असू देत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलास तर तो दाबला जाऊन अस्पष्ट होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठव. ड्राइव्हची लिंक देणार असशील तर ती कुणालाही उघडेल अशी परवानगी दे आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघ. बंद लिंक उघडून द्या म्हणून कुणी फोन करत बसत नाही. फाइलला नाव, वय, उंची आणि भूमिका अशी नावं दे.

एवढं करूनही उत्तर येत नाही तेव्हा? नकार कळवायची पद्धत या धंद्यात नाही. टेप पाठवली की विसरून पुढच्या कामाला लागायचं.

नात बोलताना ‘पानी’, ‘कोन’ म्हणते. शहरातल्या मुलींपुढे टिकेल का? — आजोबा, वाई तालुका

तुमच्या तालुक्यात तर कॅमेरे कायमचे मुक्कामाला असतात. मेणवलीचा घाट किती चित्रपटांत आला, हे तुम्हाला आमच्याहून जास्त ठाऊक असेल. २०१७ साली सुरू झालेली ‘लागिरं झालं जी’ ही मालिका साताऱ्यात, साताऱ्याच्या बोलीतच उभी राहिली आणि राज्यभर बघितली गेली. बोली ही नातीची ठेव आहे, ती मोडायला लावू नका. बाहेरून येणारे नट प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘रं’ लावून साताऱ्याची भाषा झाली असं समजतात. नातीला ‘न्हाय’ कुठे आणि ‘न्हवं’ कुठे हे शिकवावं लागणार नाही.

पण तिच्याकडे दोन्ही बोलणी हवीत. डॉक्टरीण किंवा वकिलीण करायची वेळ आली आणि जिभेवर ‘ण’ आला नाही, तर काम हातचं जातं. रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायला सांगा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून लगेच ऐकायला लावा. न-ण, स-श आणि ‘चमचा’तला च वेगळा, ‘चहा’तला वेगळा, एवढ्यावर लक्ष द्यायचं. तीन-चार महिन्यांत फरक ऐकू येतो. मग तोच परिच्छेद घरच्या बोलीत सांगायला लावा. एकीतून दुसरीत पटकन जाता येणं, हे सेटवर उपयोगी पडतं.

साताऱ्यात शूटिंग असलं की गर्दीसाठी माणसं लागतात. तिथून सुरुवात करावी का? — वाचक, सातारा

सेट कसा चालतो हे बघायला एक-दोन दिवस जरूर जा. मात्र ज्या मालिकेत भूमिका मिळावी असं वाटतं, तिच्या गर्दीत उभं राहू नका. चेहरा एकदा नीट दिसला की तो त्या मालिकेपुरता ‘एस्टॅब्लिश’ होतो. काल बाजारात भाजी विकणारी बाई आज नायिकेची मावसबहीण म्हणून कशी आणणार? पैसे किती, कधी आणि कोण देणार हे माणसं पुरवणाऱ्याकडून सकाळीच ठरवून घ्या. पॅकअपनंतर तो सापडत नाही.

बहिणीला मालिकेत समांतर भूमिका मिळतेय. करारपत्र अठरा पानांचं आणि इंग्रजीत. नेमकं काय बघावं? — वाचक, मिरज

वकिलाला दाखवाच, पण ही कलमं स्वतः शोधा.

मानधन दिवसावर ठरतं. म्हणून दिवसाच्या आकड्याइतकंच ‘महिन्याला किमान किती दिवसांची हमी’ हे कलम महत्त्वाचं. हमी नसेल आणि कथेचा ट्रॅक दुसऱ्या घरात गेला, तर महिन्यात चारच दिवस बोलावणं येऊ शकतं, आणि दुसरीकडे काम करायची मुभाही नसते. दिवस म्हणजे किती तास तेही लिहिलेलं हवं. बारा तासांची शिफ्ट रूढ आहे. ती कॉल टाइमपासून (सेटवर हजर व्हायची वेळ) मोजतात की मेकअप संपल्यापासून, हे विचारा.

पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात. समजा, दिवसाला ५,००० आणि महिन्यात १५ दिवस काम झालं, तर ७५,००० होतात. त्यातून दहा टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) ७,५०० गेला. काम मिळवून देणाऱ्या समन्वयकाचं कमिशन पंधरा टक्के ठरलं असेल तर ११,२५० गेले. हातात ५६,२५०. जूनच्या कामाचे हे पैसे सप्टेंबरअखेर येणार. म्हणजे मुंबई परिसरातलं नायगाव, घोडबंदर किंवा मढ, जिथे सेट असेल त्या भागातलं घरभाडं, अनामत आणि चार महिन्यांचा खर्च आधी हाताशी हवा. सांगलीहून गेलेल्या मुली बहुधा इथेच अडकतात. काम असतं आणि खिशात पैसे नसतात. कापलेला टीडीएस प्राप्तिकर खात्याच्या २६-एएस या तक्त्यात जमा दिसतोय का ते तपासत राहा आणि विवरणपत्र वेळेत भरा, त्याशिवाय परतावा मिळत नाही.

बाकीचं थोडक्यात. काम सोडायचं तर नोटीस किती दिवसांची, आणि निर्मात्याने काढलं तरी तीच नोटीस लागू आहे का? बऱ्याचदा कलम एकाच बाजूचं असतं. जाहिरात, नाटक, उद्घाटनं यांना परवानगी लागते का? बाहेरगावी चित्रीकरण असेल तर प्रवास-मुक्काम कुणाचा? रोजचे कपडे कोण पुरवणार? तोंडी सांगितलेलं काहीही मेलवर लिहून मागवा. ‘मॅडम, आपल्यात कशाला’ असं उत्तर आलं तर जास्तच आग्रह धरा.

पण तिची भूमिका अचानक संपली तर? — त्याच वाचक

संपू शकते. अर्ध्या तासाच्या भागात मजकूर साधारण बावीस मिनिटांचा असतो आणि आठवड्याला सहा भाग द्यायचे असतात. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि त्याच्याकडे बघून कथा वळवली जाते. पात्र परगावी जातं, कोमात जातं किंवा बोलावणं येणं बंद होतं. यात अभिनयाची चूक असतेच असं नाही. चालू कामाच्या काळातच मिळकतीतला निदान तिसरा हिस्सा बाजूला टाकावा, असं आमचं मत.

नऊ वर्षांच्या मुलीला मालिकेसाठी विचारलंय. शाळा बुडेल का? — आई, फलटण

चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी नियम स्पष्ट आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही आणि सलग सत्तावीस दिवसांपलीकडे नाही. परवानगी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून निर्मात्याने आणायची असते, तुम्ही नव्हे. ती प्रत बघितल्याशिवाय होकार देऊ नका. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती सेटवर असावी लागते. मिळकतीचे किमान वीस टक्के मुलीच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. शाळेची सोय करणंही निर्मात्याच्या जबाबदारीत येतं. पाच तासांत तिचं काम संपत नसेल तर वेळापत्रक बदलायचं असतं, मुलीला जागवायचं नसतं.

सेटवर कुणी त्रास दिला तर तक्रार कुठे करायची? — नाव नको

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. सेटवर दहाहून कमी माणसं क्वचितच असतात, त्यामुळे निर्मिती संस्थेला सबब नाही. समितीवरच्या व्यक्तींची नावं आणि फोन पहिल्याच दिवशी मागून घ्या. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. समितीच नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. चौकशी कोर्टकचेरीसारखी उघड्यावर होत नाही. मेसेज पुसू नका, तारखा आणि कॉलशीट (त्या दिवशीच्या चित्रीकरणाच्या वेळांचा कागद) जपून ठेवा.

मालिकेत रोज रडतात, ते खरं असतं का? डोळे खराब होत नाहीत? — वाचक, जत

कधी खरं, बहुधा ग्लिसरीन. एक थेंब, डोळ्याच्या खाली आणि बाहेरच्या कोपऱ्याला, आत नाही. डोळ्याखाली मेन्थॉलची कांडी फिरवतात तेव्हा वासानेच पाणी येतं. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायच्या, टेक झाला की गार पाण्याने धुवायचं. अवघड भाग अश्रूंचा नसतोच. एकच रडणं आधी लांबून, मग जवळून, मग समोरच्याच्या खांद्यावरून असं पाच-सहा वेळा घेतात. दर वेळी त्याच शब्दावर हुंदका आणि त्याच हातात पदर हवा. पदर डाव्या हातातून उजव्यात गेला की संकलक डोक्याला हात लावतो.